पाचवी बरणी

"बहू, याच्यात आंबट शिजवू नको बरं. कल्हई गेली याची," जमशेदचाचांनी मला चैत्रातच सांगितलं होतं.

ते कल्हईवाले. वाशीमकडच्या मालेगावहून मोटरसायकलवर भाता, कथील आणि कोळशाचं पोतं बांधून येतात. मेडशीत आता पितळ फारसं कोणाकडे उरलं नाही, त्यामुळे वर्षातून एखाददोन फेऱ्याच. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला शिरपूरला जाताना बजावून गेल्या होत्या, जमशेद आला की गंज काढून देजो. गंज म्हणजे त्यांच्या माहेरचं पितळी पातेलं. माझी सात महिन्यांची पोरगी त्यात बसवली तर नुसतं डोकं वर दिसेल एवढं. चाचांनी ते अंगणात आडवं केलं आणि आतून अंगठ्याचं नख ओढलं.

"हे पाय. पांढरं हाय ते कथील. हे पिवळं दिसून राह्यलं ते नंगं पितळ. पानी तापवलं त काई नाई. पन चिंच, कैरी, ताक सगळं कळकते याच्यात."

"पुढच्या फेरीला करू, चाचा."

"पुढची फेरी कवा, अल्ला जाने. आत्ताच देऊन टाक न. अर्ध्या घंट्याचं काम."

मी दिलं नाही. नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, तो मी माहेरी पाहिलेला. पोरगी ओसरीवर झोळीत निजली होती, तिचा खोकला नुकताच गेला होता. तो धूर तिच्या छातीत गेला तर? आणि खरं सांगायचं तर मनात हेही आलं, की धंदा बसलेला माणूस असंच बोलणार. मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. आम्ल आणि तांबं एकत्र आलं की काय होतं, हे मी परीक्षेत लिहून गुण घेतले होते. चाचा गेले आणि मी गंज पुन्हा माळ्यावर ठेवून दिला.

वैशाखात सोमवारी दुपारी वादळ आलं. गारा फार नव्हत्या, पण वाऱ्याने आमच्या बांधावरचा आंबा झोडपून काढला. संध्याकाळी धनराज, माझे मालक, दोन पोती कैऱ्या घेऊन आले. काही फुटलेल्या, काहींना माती चिकटलेली, देठातून चीक गळत होता. मी सासूबाईंना फोन लावला.

"पडेल कैरीचं लोनचं नको घालू," त्या म्हणाल्या. "दोन दिवसात सडते. मेथांबा कर. शिजवलेलं टिकते. माह्या गंजात एका येळी बसल सगळं. जमशेद येऊन गेला न?"

"हो."

"कल्हई केली न?"

पोरगी रडत होती. फोन खांदा आणि कान यांच्यात धरला होता. नाही म्हटलं असतं तर का नाही, हे सांगावं लागलं असतं, आणि मग धूर, खोकला, माझं नेहमीचं भ्यायचं पुराण. त्यावर त्या हसतात.

"केली," मी म्हटलं.

मंगळवारी दिवसभर मी कैऱ्या सोलल्या आणि विळीवर फोडी केल्या. चिकाने बोटांच्या पेरांची सालं निघाली. पोरीला घ्यायचं झालं की आधी हात राखेने घासायचे, मग साबणाने, मग वास घेऊन पाहायचा. अंगणातल्या चुलीवर तुराट्या लावल्या आणि गंज चढवला. तासाभरात काय उतरणार त्यात, असं मनाला सांगितलं. तेलात मोहरी, मेथ्या, हिंग. मेथ्या तांबूस झाल्या की हळद आणि फोडी. फोडी मऊ पडल्यावर गुळाच्या भेल्या फोडून टाकल्या. गूळ पाणी सोडतो, सगळा गंज भरून येतो, आणि त्यावर लाल तिखट टाकलं की रंग असा चढतो की बघत राहावं. मी सराट्याने ढवळत राहिले. वाफेने डोळे चुरचुरत होते, पाठीवर ऊन होतं, पाठीमागे झोळी.

चाखून मात्र पाहिलं नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईने आंबट खाल्लं की लेकराला खोकला होतो, असं आमच्याकडे म्हणतात. मी शिकलेली असून ते पाळते. धनराजनी बोटावर घेऊन चाटलं.

"कसा झाला?"

"गोड हाय, तिखट हाय. अजून काय पाह्यजे?"

उतरवून बरण्यांत भरायचा, तर पोरीचं अंग गरम लागलं. मी तिला घेऊन बसले ती उठलेच नाही. मेथांबा रात्रभर त्याच गंजात राहिला.

बुधवारी सकाळी भरायला बसले तेव्हा कडेला, जिथे रस सुकला होता, तिथे हिरवट रेघ दिसली. मेथीचा रंग असेल म्हणून मी ती पदराने पुसली. पाच बरण्या भरल्या. गंजाला आत खरवड चिकटली होती, त्यात पाणी ओतून तो न्हाणीपाशी लोटला.

तेवढ्यात दारात आवाज आला, "पाट्याले टाकी लावून घ्या होऽऽ!"

पाटे-जाती टाकवून, म्हणजे छिन्नीने ठोकून खरखरीत करून देणारी बाई होती. फाट्याजवळच्या लिंबाखाली त्यांची पालं पडली होती, ते मला माहीत होतं. माझ्याच वयाची. पोट पुढे आलेलं, सातवा-आठवा असावा. हनुवटीवर तीन टिपक्यांचं गोंदण, डाव्या करंगळीला नख नाही. आमचा पाटा गुळगुळीत झालाच होता. ती पाय पसरून बसली, पोट एका बाजूला घेतलं आणि पाटा टाकायला लागली. दोन ठोक्यांच्या मध्ये पदर सावरायचा झाला की ती लोखंडी टाकी दातांत धरायची. कपची उडून पोरीच्या डोळ्यात जाईल म्हणून मी पोरीला घेऊन आत उभी राहिले.

"काय शिजोलं व बाई? वास त सडकीवर येऊन राह्यला."

"मेथांबा."

ती नुसती बरण्यांकडे पाहत ठोकत राहिली. पोटुशी बाईने नजर लावलेली वस्तू तिला द्यावी, नाही तर देणाऱ्याच्याच घराला लागतं, असं माझी आई म्हणायची. मी तिच्या तळहातावर चमचाभर वाढला. तिने बोटांनी नाही, सरळ जिभेने उचलला.

"अगोदर गोड लागते. मंग तिखट," ती म्हणाली. मग जीभ टाळूला लावून थांबली. "मंग शेवटाले टाकीवानी लागते. दातात धरली का लागते न, तसं."

"मेथीचं असेल ते. मेथी कडूच."

"असंल. मले काय, या दिवसात मातीबी गोड लागून राह्यली." ती हसली. "द्या न मंग उलीसा."

मी तिला उलीसा नाही, पिवळ्या झाकणाची अख्खी बरणी दिली. तिने ती पदरात बांधली, हत्यारं गोणपाटात गुंडाळली आणि गुडघ्यावर हात टेकवून दोन प्रयत्नांत उठली. मी तिला पाणी विचारलं. नाव विचारलं नाही.

बाकीच्या बरण्यांतली एक घरात ठेवली. एक भिंतीपलीकडच्या फरहीनला दिली, ती कपडे शिवते, तिची लायबा चार वर्षांची. एक धनराज शिरपूरला सासूबाईंना देऊन आले. एक तांड्यावरच्या सोनकीबाईला दिली. ती आणि तिची सून आमच्या वावरात तुरीची धसकटं वेचत होत्या. गुरुवारी धनराजनी दुपारच्या भाकरीबरोबरही मेथांबा नेला.

त्याच दुपारी सोनकीबाई वावरात आडवी झाली. पोटात कळ, मग उलट्या. धनराजनी तिला गाडीवर तांड्यावर नेऊन सोडलं.

"ऊन लागलं," घरी येऊन म्हणाले. "माह्यंबी पोट मुरडून राह्यलं. उद्या सकाळीच काम उरकून घेऊ."

शुक्रवारी भिंतीपलीकडून लायबाचं रडणं आणि मग ओकण्याचा आवाज आला. फरहीन तिला दवाखान्यात घेऊन गेली. मी न्हाणीपाशी गंज घासायला घेतला. चिंच नाही, राख नाही, नुसती खरवड निघाली आणि आतलं पितळ उघडं पडलं. मेथांबा जिथवर होता तिथवर ते सोन्यासारखं चमकत होतं. त्याच्या वरचा भाग मात्र काळपट, जसाच्या तसा. मी दोन्ही हात पाण्यात ठेवून तशीच बसले. घासल्याशिवाय पितळ एवढं उजळतं कशाने, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. जे गेलं होतं ते पाच बरण्यांत गेलं होतं. गुळाने आणि तिखटाने ते झाकलं होतं.

धनराज आले तेव्हा मी घरातली बरणी त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी बरणीचं झाकण घट्ट फिरवलं. "कोनाले सांगतलं?"

"अजून नाही."

"मंग सांगू नको. लोकायचं पोट दोन दिवसात बसते. तू सांगशीन त मेथांबा राहीन बाजूले, म्हनतील धनराजच्या बायकोनं जहर चारलं. पेरनी तोंडावर आली, तांड्यावरची एक बाई वावरात पाय ठेवनार नाई."

"आणि बरण्या? त्या खातच राहतील की."

"चव बिघडली म्हनून मांगून आन."

"चव बिघडलेली नाही. तेच तर आहे."

त्यांनी चप्पल घातली आणि बाहेर गेले. मी पोरीला कडेवर घेतलं आणि आधी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, विचारलं, "किती जणांनी खाल्लं?" मी मोजायला लागले आणि मोजता येईना. त्या म्हणाल्या, "मोठ्यांचं एकदोन दिवसांत उतरेल, भरपूर पाणी पाजा. लहान मुलं आणि गरोदर बाया यांचं सांगता येत नाही. त्यांना माझ्याकडे आणा. आणि पहिले ते खाणं बंद करा."

लायबा आतल्या खाटेवर होती. हाताला सलाईन. फरहीन तिच्या पायाशी बसली होती. मला पाहून म्हणाली, "भाभी, बर्फाचा गोळा खाल्ला हिनं. म्या गालावर दोन ठेवून देल्ल्या. म्हने, अम्मी, नाई खाल्ला. म्या म्हटलं झूट बोलते, अन अजून एक देल्ली."

"फरहीन, तिने गोळा नसेल खाल्ला."

मी सांगितलं. गंज, कल्हई, रात्रभर ठेवलेला रस, सगळं. सांगताना माझी पोरगी माझे केस ओढत होती. फरहीन ओरडली नाही. तिने लायबाच्या गालावरून हात फिरवला, परत फिरवला.

"दोन टाइम पोळीसंग खात होती," ती म्हणाली. "खुशीनं. म्याच चोपडून देत होते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "घर उघडं हाय. मशीनीच्या वरच्या फळीवर ठेवली बरनी. तुमीच काढून न्या. मी हात नाई लावनार तिले."

शनिवारी सकाळी मी तांड्यावर गेले. सोनकीबाई खाटेवर होती, सून तिच्या तळपायाला कांदा चोळत होती.

"आली का व सूनबाई! पाय हे, कांदा घासू घासू पोरीचे हात गेले, पन ऊन काई उतरत नाई."

"मावशी, ते ऊन नाही. माझ्या मेथांब्याने झालं. बरणी परत द्या मला."

सुनेचा हात थांबला. "देल्लेलं वापस मांगाले आली?"

"भांडं खराब होतं. त्याचं विष उतरलं त्यात."

शेजारच्या दोघीतिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. कोणी तरी मागून म्हणालं, "शिकेल बाई न व ही?" सोनकीबाई कोपरावर उठून बसली.

"तुये मालक त म्हनत होते ऊन लागलं."

"त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पण मला माहीत असायला हवं होतं."

"अन म्या तीन दिवस त्या सूर्याले शिव्या देऊन राह्यली!" ती म्हणाली. एक बाई हसली आणि गप्प झाली. सोनकीबाई मात्र हसत नव्हती. "बरनी आन व पोरी." सुनेने बरणी आणली. अर्धी झाली होती. सोनकीबाईने ती हातात धरून ठेवली. "एवढा गूळ. टाकून देशीन?"

"हो."

"कोंबड्यायले टाकू नको. गाईच्या पुढ्यातबी नको." तिने बरणी माझ्या हातात दिली. "आली ते बरं केलं. पन आता माह्या हातानं घेववणार नाई तुया घरचं काई, सांगून ठेवते."

परत येताना पाऊलवाटेवर धनराज गाडी घेऊन उभे होते. घरातली आणि फरहीनच्या फळीवरून मी काढून आणलेली, अशा दोन्ही बरण्या त्यांनी सोबत आणल्या होत्या. बरणी माझ्या हातातून घेतली, बांधाच्या कडेला कुदळीने हातभर खड्डा केला, आणि तिन्ही बरण्या त्यात रिकाम्या केल्या. वर मातीचा थर, त्यावर दगड.

तिथूनच मी शिरपूरला फोन लावला.

"आई, मी तुम्हाला खोटं सांगितलं. कल्हई केली नव्हती." घरची, फरहीनची आणि सोनकीबाईची बरणी पुरली, तेही सांगितलं.

पलीकडे नणंदेचं बाळ रडत होतं.

"बरनी उघडली नाई," त्या म्हणाल्या. "बाळंतीन घरात, आंबट कोन खाते. देते पुरून." मग थोड्या वेळाने, "किती भरल्या होत्या?"

"पाच."

"चार झाल्या."

"पाचवी टाकीवालीला दिली. पाटा टाकायला आली होती."

"कोनती? मेडशीच्या फाट्यावरची? पोटुशी हाय म्हने एक त्यायच्यात."

"तीच."

"मंग मले कायले फोन करत बसली, बापा!" त्या ओरडल्या. "जा न!"

फाट्यावर लिंबाखाली तीन चुलींची राख होती आणि दगडांच्या कपच्या. पालं उठली होती. चहावाला म्हणाला, कालच गेले, मालेगावकडे गेले म्हणतात. धनराजनी गाडी तशीच मालेगावला घेतली. पोरगी आमच्या दोघांच्या मध्ये, तिच्या डोक्यावर ओला रुमाल, तो दर मैलाला सुकायचा. बसस्टँडच्या मागे, बाजाराच्या ओट्यांवर, पुलाखाली. धनराज प्रत्येक ठिकाणी स्वतः उतरून विचारत होते. "तू उन्हात उतरू नको," एवढंच मला म्हणायचे. ते लोकांना काय सांगत होते ते मला ऐकू येत नव्हतं. एका ठिकाणी मात्र ऐकलं. "आमच्या घरून चूक झाली," ते म्हणत होते.

रसवंतीवाल्याने ओळखलं.

"होती न. पोटवाली, हनुवटीवर गोंदेल. काल सांजेले रस मांगतला, अन इथंच ओकली. मले वाटलं चक्कर येते का काय. त संगची म्हातारी म्हने, दिवस हायत तिले, ओकनारच."

"बरणी होती तिच्याजवळ? पिवळं झाकण?"

"गाठोड्यात काय होतं, मी काय सांगू, ताई."

"कुठे गेले?"

"दोन गाड्या उभ्या होत्या. एक वाशीमची, एक अकोल्याची. कोनत्या गाडीत चढले, ध्यान नाई देल्लं."

आम्ही त्या संध्याकाळी वाशीमपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी धनराज एकटे अकोल्याच्या रस्त्याने गेले. पुढच्या आठवड्यात शिरपूरच्या मंदिराबाहेर, रिसोडच्या बाजारात विचारून आले. पाटे टाकणाऱ्या दुसऱ्या बाया भेटल्या. ती भेटली नाही. तिचं नाव सांगता येत नाही, म्हणून विचारणं लांबतं आणि ऐकणारा कंटाळतो.

लायबा तिसऱ्या दिवशी घरी आली. आता अंगणात खेळते. फरहीनने एकदा आमच्याकडे शिरखुर्म्याची वाटी पाठवली. मी तिच्या वाटीत पोहे घालून ती परत केली, तर फरहीनने वाटी घेतली आणि पोहे माझ्याच ताटलीत ओतून दिले. सोनकीबाई पेरणीला आली नाही. तिची सून आली. भाकर स्वतःची बांधून आणते आणि पाणीही.

या सगळ्याला आता पाच आठवडे झाले. तिला आठवा असेल तर आता दिवस भरले असतील. सातवा असेल तर भरत आले असतील. पोटुशी बाई ओकली तर कोणी काही विचारत नाही. तिच्या सोबतच्या म्हातारीने विचारलं नाही, रसवंतीवाल्याने विचारलं नाही, आणि आमच्या अंगणात ती जीभ टाळूला लावून थांबली तेव्हा मीही विचारलं नाही.

म्हणून हे वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. तुमच्या गावाच्या फाट्यावर, बसस्टँडच्या मागे, बाजाराच्या ओट्याखाली पाटे टाकणाऱ्यांची पालं पडली असतील तर एकदा जाऊन या. हनुवटीवर तीन टिपके, डाव्या करंगळीला नख नाही. बरणी असली तर पुरून टाका, तिला म्हणावं, देणारीनेच सांगितलंय. जवळच्या दवाखान्यात तिला घेऊन जा. एकटी जा म्हटलं तर ती जाणार नाही. तिचं नाव विचारा. आणि बाळ अजून पोटात असेल तर ते हलतं का, एवढं विचारा.